उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी

ज्या गाड्या रोज सकाळी निमूट सुरू होतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं कुणाकडेच काही नसतं. बिघडणाऱ्या गाडीचे किस्से मात्र साठत जातात, आणि ज्या माणसाने ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला त्याला ते आयुष्यभर चिकटतात.

सिल्वासाच्या कारखान्यातली आम्ही जुनी मंडळी वर्षातून एकदा नाशिकला जेवायला जमतो. पापड यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, ती तुमची गाडी!" आणि सुरू. दर वर्षी एखादा नवा किस्सा त्यात वाढलेला असतो. गेल्या वर्षी एकाने सांगितलं, की मी म्हणे बॅटरीत खोबरेल तेल ओतलं होतं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र दोन दिवस विचार करत बसलो, की ओतलं तर नव्हतं ना?

म्हणून ठरवलं, की मला स्वतःला पक्के आठवतात तेवढे किस्से आताच लिहून काढावेत. 'पक्के' हा शब्द जरा धाडसाचा आहे. पण असू दे.

आधी थोडी ओळख. माझी डॉक्टरेट विजेच्या शाखेतली. वीज पडली की मोठमोठ्या मनोऱ्यांवरच्या तारांमधून कशा लाटा धावतात, यावर मी पाच वर्षं घालवली. चार लाख व्होल्टबद्दल मला बरंच समजतं. बारा व्होल्टबद्दल समजतं असं मी कधीच म्हणालो नव्हतो. ते लोकांनी गृहीत धरलं!

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून सिल्वासाला आलो. करसवलतीमुळे तिथे रोज नवी शेड उभी राहत होती. आमच्या कारखान्यात कृत्रिम धागा तयार व्हायचा. मी मेंटेनन्सचा प्रमुख. बॉयलर, कॉम्प्रेसर, एसी प्लांट आणि कंपनीची एकुलती एक मोटार, हे सगळं माझ्या खात्यात.

ती मोटार सेकंडहँड होती. दमणच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. त्याने तिच्यात हिरव्या आकड्यांचं घड्याळ, टेपरेकॉर्डर, मागच्या काचेला पडदे, दोन सुरांचा हॉर्न, डिकीत दिवा, देवापुढे लाल बल्ब, असं बरंच काही स्वतःच्या हाताने बसवलं होतं. कुठली वायर कुठून कुठे जाते हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं. आणि गाडी विकून तो परदेशी निघून गेला होता.

* * *

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास गाडीने पहिला हिसका दाखवला. साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ. ड्रायव्हर भागवतने किल्ली फिरवली, आणि गाडी नुसतीच "टक्" म्हणाली.

भागवत अमळनेरकडचा. चाळिशीचा, सावकाश बोलणारा, गाडीला रोज फडक्याने पुसणारा माणूस. आम्ही सहा अधिकाऱ्यांनी टाय खिशात कोंबून गाडी ढकलली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. रोज वापरली तर कशीबशी सुरू व्हायची. एक दिवस उभी राहिली की संपलीच! बॅटरी नवी घातली. नवीही उतरली.

कँटीनमध्ये निदानं सुरू झाली. स्टोअरकीपर म्हणाला, मधुबनच्या धरणाकडून दव येतं, त्याने वीज गळते. अकाउंटंट म्हणाला, गाडीचं तोंड दक्षिणेला आहे. मी गाडीचं तोंड पूर्वेला करून पाहिलं. मला ते पटलं होतं असं नाही, पण शंका का ठेवा?

आमचे जनरल मॅनेजर प्रधानसाहेब मूळचे दादरचे. त्यांचं निदान सगळ्यात सोपं होतं. "डॉक्टर, सुट्टीच्या दिवशी हा भागवत गाडीत बसून टेप ऐकतो. दुसरं काही नाही."

भागवत हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरीची शप्पथ! मी टेप लावेल नाही, लाईट चालू ठेवेल नाही. सुट्टीच्या दिवशी मी गाडीकडे बघत पण नाही."

"बघत नाहीस म्हणूनच उतरते!" प्रधानसाहेब म्हणाले.

त्या माणसाला दोन्ही बाजूंनी मार होता. महिन्याभरापूर्वीच त्याने बायकोला आणि पोरीला गावाहून आणलं होतं. कारखान्यामागची कंपनीची खोली मिळाली होती, पोरीला मराठी शाळेत घातलं होतं. नोकरी गेली की खोली जाणार, शाळा जाणार.

प्रधानसाहेबांनी मेमो टाईप करून माझ्याकडे पाठवला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे कंपनीच्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते, सबब आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे.' खाली सहीची जागा माझी, कारण गाडी माझ्या खात्यात!

"डॉक्टर, एक तर दोष शोधा," ते म्हणाले, "नाहीतर सही करा."

मी मेमो ड्रॉवरमध्ये ठेवला. मग वाटलं, कुणी ड्रॉवर उघडला तर? म्हणून खिशात ठेवला. त्यानंतर तो रोज, शर्ट बदलला की त्या खिशातून या खिशात, माझ्याबरोबर फिरू लागला.

* * *

मी शास्त्रीय पद्धतीने सुरुवात केली. पुण्याहून येताना एक डिजिटल मल्टिमीटर आणला होता. तेव्हा असा मीटर सिल्वासात दुसऱ्या कुणाकडे नसावा. घरी मी तो लोकरीच्या टोपीत गुंडाळून ठेवायचो.

पद्धत सोपी आहे. बॅटरीची एक केबल काढायची आणि मधे मीटर जोडायचा. गाडी बंद असताना जो काही चोरटा करंट जात असेल, तो मीटरवर दिसतो. दहा अँपियरपर्यंत मीटरला चालतं.

बॉनेट उघडून मी मीटर जोडला. आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होतो. भागवत स्टीअरिंगवर बसला होता. मी कुणाला तरी सांगावं तसं स्वतःशीच पुटपुटलो, "चला, आता बघू या काय होतंय."

भागवत आज्ञाधारक. साहेब 'बघू या' म्हणाले, म्हणून त्याने सेल मारला!

सेलला शंभराच्या वर अँपियर लागतात. मीटरमधून एक पांढरी, अगदी बारीक, सभ्य अशी धुराची रेघ वर आली.

"साहेब," भागवत खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "तुमचं घड्याळ जळून राहिलं!"

* * *

मग किलवणी नाक्यावरच्या रमणभाईंना बोलावलं. रमणभाई म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियन. शिक्षण चौथी. तपासायचं साधन एकच: एक बल्ब आणि त्याला दोन वायरी.

त्यांनी माझ्या मीटरच्या जागी तो बल्ब लावला. बल्ब मिणमिणला. "जुओ डॉक्टरसाहेब, करंट जाय छे," ते म्हणाले. मी पाच वर्षं अभ्यास करून जे दाखवू शकलो नव्हतो, ते त्यांनी पाच सेकंदांत दाखवलं. मनाला लागलं, नाही असं नाही.

"आता एक एक फ्यूज काढो. जे काढल्यावर बल्ब बंद, तिथे चोर!"

त्यांनी हत्यारांसाठी भागवतला डिकी उघडायला लावली आणि फ्यूज काढायला सुरुवात केली. पहिला काढला. बल्ब चालू. दुसरा. चालू. तिसरा, चौथा. सगळे फ्यूज काढून माझ्या रुमालात ठेवले, तरी बल्ब आपला मिणमिणतोच आहे! टेप काढला. घड्याळ काढलं. देवापुढचा लाल बल्ब रमणभाईंनी आधी नमस्कार करून मग काढला. तरी चालू!

रमणभाईंनी सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं आणि पक्कड पुसून पिशवीत टाकली.

"डॉक्टरसाहेब, आ मशीननुं काम नथी. हे बाहेरचं आहे."

"बाहेरचं म्हणजे?"

"लिंबू-मिरची लावो."

मी डॉक्टरेट घेतलेला माणूस. मी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी बंपरला लिंबू-मिरची दिसली. मी भागवतकडे पाहिलं. भागवतने माझ्याकडे पाहिलं. आणि खरं सांगायचं तर मी तिची गाठ जरा सैल होती, ती घट्ट केली.

* * *

यानंतरचा प्रकार मी सांगितला नसता, पण नाशिकच्या जेवणात तो चुकीचा सांगितला जातो.

माझ्या मनात आलं, की करंट नेमका किती वाजता जातो हे कळलं पाहिजे. सलग जातो, की मधूनच? सलग असेल तर भागवत निर्दोष, कारण सुट्टीच्या दिवशी तो सगळा वेळ गाडीत बसून राहणं शक्य नाही. मशीन हॉलमध्ये एक रेकॉर्डर होता. त्याच्या कागदावर लाल शाईची सुई चोवीस तास रेघ काढायची. तो मी गाडीत बसवला. तो घरच्या विजेवर चालणारा, म्हणून त्याच्यासाठी बॅटरीवरून वीज तयार करणारं एक छोटं यंत्र तीन दिवस खपून बनवलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळं जोडून, गाडीला कुलूप लावून, ते ओढून पाहून, परत येऊन पुन्हा ओढून पाहून मी घरी गेलो.

सुट्टीनंतर सकाळी गाडी उघडली. काय सुंदर रेघ आली होती! बॅटरी कशी हळूहळू उतरली, मग झपाट्याने उतरली, सगळं स्पष्ट. सुट्टीच्या पहाटेच रेघ संपली होती, कारण बॅटरी संपली आणि तिच्याबरोबर रेकॉर्डरही. याआधी ती इतक्या लवकर कधीच उतरली नव्हती.

मी भागवतला तो कागद दाखवला आणि म्हणालो, "बघ, कुणीतरी फार मोठा करंट खातंय!"

भागवतने कागद पाहिला, रेकॉर्डर पाहिला, त्याची वायर बोटाने चाचपत बॅटरीपर्यंत नेली.

"साहेब, हे मशीन कशावर चालतं?"

मी रेकॉर्डर उचलून मशीन हॉलकडे निघालो.

* * *

वाचणाऱ्याला वाटेल, की या माणसाच्या हातून तिथे एकही गोष्ट धड झाली नाही. तसं नाही. बॅटरीचा विषय क्षणभर बाजूला ठेवून एक यशाची गोष्ट सांगतो.

धाग्याचे पांढरे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, नमुन्यादाखल सुरतच्या गिऱ्हाइकांना दाखवायला याच गाडीच्या डिकीतून जायचे. रस्त्यांची कामं चालू, ट्रकांची रांग, पाऊस संपला की लाल धूळ. कोन पोचायचे ते वीटभट्टीतून काढल्यासारखे! गिऱ्हाईक हसायचं, प्रधानसाहेब चिडायचे.

दसऱ्याच्या आधी मी हा प्रश्न हातात घेतला. डिकीत पांढरे रुमाल अंथरून गाडी किलवणीपर्यंत नेऊन आणली, धूळ कुठल्या फटीतून येते त्याचा नकाशा काढला. मग कॉम्प्रेसरच्या सामानातून जाड रबराची पट्टी काढली आणि डिकीच्या कडेला गोल फिरवून चिकटवून घेतली. झाकण लावायला थोडा जोर लागायचा, पण नंतर रुमाल बाहेर काढला तो दुधासारखा पांढरा!

प्रधानसाहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. माझ्या सिल्वासातल्या कारकिर्दीतलं ते एकमेव निर्विवाद यश. बायकोला मी ते दोनदा सांगितलं.

* * *

आता पुन्हा बॅटरी.

शेवटी भागवतनेच सोपा उपाय काढला. "साहेब, संध्याकाळी केबल काढून ठेवतो, सकाळी लावतो. केबलच नाही तर चोर खाईल काय?"

मी थक्क झालो. हे मला सुचायला हवं होतं. आठवडाभर गाडी रोज पहिल्या सेलला सुरू झाली. मी खिशातला मेमो फाडायच्या बेतात होतो.

पण गाडीत ते हिरव्या आकड्यांचं घड्याळ होतं. केबल काढली की ते बंद पडायचं आणि सकाळी केबल लावली की कुठल्याही वेळेपासून पुन्हा सुरू व्हायचं. भागवत रोज आठवणीने ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवायचा. आणि भागवतचं मनगटावरचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं!

प्रधानसाहेब मनगटावर घड्याळ बांधत नसत. घाम येतो म्हणून. त्या दिवशी ते मशीनवाल्या पाहुण्यांना घेऊन वापी स्टेशनला निघाले. पाहुणे दोनदा म्हणाले, "उशीर तर होत नाही ना?" साहेबांनी दोन्ही वेळा हिरव्या आकड्यांकडे बोट केलं. "आरामात! चहा घेऊ या." नाक्यावर चहा झाला. वर भजी झाली.

स्टेशनवर पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता.

परत आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर हात आपटला. "आजपासून केबल काढायची नाही! बॅटरीचा दोष शोधायला सांगितला होता, काळ थांबवायला नाही!"

आणि त्या दिवसापासून ते कुठेही जायचं असलं की ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी निघू लागले. हे लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

* * *

मग ती सकाळ आली. कंपनीचे मालक, म्हणजे शेठ, मुंबईहून येणार होते. बॅटरी आदल्या दिवशी रमणभाईंकडे चार्ज करून आणली होती, त्यामुळे त्यांना आणायची चिंता नव्हती. चिंता परतीची होती. शेठ मुक्काम करणार, आणि गाडी तोवर उभी राहणार.

प्रधानसाहेबांनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. "डॉक्टर, शेठना सोडायच्या वेळी ढकलायला लागली, तर त्याच क्षणी सही केलेला मेमो मला हवा."

मी जवळजवळ झोपलोच नाही. सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला. आतला दिवा लागला. दार लावलं. मग मनात आलं, आत्ता तो विझला असेल कशावरून? पुन्हा उघडलं. चालू. हळूच लावत, फटीतून डोळा लावून पाहिलं. फट संपेपर्यंत चालूच! पुन्हा उघडलं.

सुमती, माझी पत्नी, मागे उभी होती. चहाचं पाणी उकळून अर्धं झालं होतं.

"अहो, काय चाललंय?"

"दार लावल्यावर दिवा विझतो का, ते बघतोय."

"विझतो."

"पण तुला कसं माहीत? आपण कुणी आत नसतो."

तिने माझ्या हातातून दुधाचं पातेलं काढून घेतलं. "एवढी शंका आहे तर आत जाऊन बसा!"

मी चहा न पिता निघालो.

* * *

साडेनऊच्या सुमारास कारखान्यात पोचलो. शेठना आणायला साहेब दहाला निघणार होते. भागवत कँटीनमध्ये होता. गाडी शेडमध्ये. गेटवरचा वॉचमन रावजी, दुधनीचा, शांत माणूस, तिथेच उभा होता.

"रावजी, मी डिकीत शिरतो. तू झाकण लाव, शंभरपर्यंत मोज आणि उघड."

रावजीने का म्हणून विचारलं नाही. त्याला माझी सवय होती. त्याने एवढंच विचारलं, "मोठ्यानं मोजू का मनात?"

"मनात."

मी स्टेपनीला वळसा घालून, गुडघे छातीशी घेऊन आडवा झालो. रावजीने जोर लावून झाकण दाबलं. मी भीतीने डोळे मिटले होते. उघडले, तर उजेड!

दिवा जळत होता. दाराआड, बंद डिकीत, कुणी बघत नसताना, गेले कित्येक आठवडे तो असाच जळत होता! त्याची वायर सरळ मागच्या बाजूने बॅटरीकडे गेलेली. मधे फ्यूजबिज काही नाही. डिकीच्या कडेला त्याचं बटण होतं. झाकण बसलं की ते दाबलं जाणार आणि दिवा विझणार. पण झाकण अर्धा इंच वरच राहत होतं. कारण मधे जाड रबराची पट्टी होती.

पट्टी फार सफाईने चिकटवली होती. आत धूळ कणभरही नव्हती.

हे सगळं समजायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तेवढ्यात बुटांचा आवाज आला. "भागवत! चल, निघू या. गेट!" दारं लागली. गाडी पहिल्या सेलला सुरू झाली. त्याही अवस्थेत मला बरं वाटलं.

मी ठोकलं. दोन्ही हातांनी ठोकलं. मागच्या सीटवरून प्रधानसाहेबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"भागवत, मागून कसला आवाज येतोय?"

"शॉकअब गेलेले दिसून राहिले, साहेब."

"डॉक्टरांना दाखव उद्या."

"दाखवतो, साहेब."

मी ओरडलो. रबरामुळे आवाजही बाहेर जात नसावा. "फारच आवाज आहे," साहेब म्हणाले, "टेप लाव जरा."

"नको साहेब," भागवत म्हणाला, "बॅटरी उतरंल."

मग मी ठोकणं थांबवलं.

दमणगंगेच्या पुलावरचे सांधे पाठीला एकेक करून लागले. दिवा छान जळत होता. खिशातून मेमो काढला आणि त्या उजेडात पहिल्यांदाच नीट वाचला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे कंपनीच्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते.' एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त नाव चुकलं होतं. मी पेन काढून भागवतचं नाव खोडलं, वर माझं लिहिलं, आणि खाली सही केली. रस्ता खराब होता, पण सही ओळखता येत होती.

वापी स्टेशनबाहेर गाडी थांबली. थोड्या वेळाने शेठचा आवाज, बॅग ठेवल्याचा आवाज, किल्लीचा आवाज. झाकण उघडलं.

भागवत, त्याच्या मागे प्रधानसाहेब, त्यांच्या मागे पांढऱ्या कपड्यांतले शेठ. तिघेही वाकून बघत होते.

"दिवा विझत नाही, साहेब," मी आडव्यानेच म्हणालो. "भागवतची काही चूक नाही. रबर मी लावलं." आणि मेमो पुढे केला.

शेठने विचारलं, "आ कोण छे?"

"आमचे मेंटेनन्सचे प्रमुख," प्रधानसाहेब म्हणाले. "डॉक्टरेट आहेत."

"तो डिकीमां शा माटे राख्या छे?"

प्रधानसाहेबांनी मेमो उघडला. वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात शेठने डिकीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, ते उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "पण धूळ जराय नथी!"

साहेबांनी मेमोचे चार तुकडे केले, ते खिशात घातले आणि मला हात दिला. "आधी बाहेर या, डॉक्टर."

भागवतने आत वाकून बल्ब उपटला. नखाएवढा बल्ब. तो तळहातावर धरून त्याने मला दाखवला. "एवढासा!" मग माझ्या शर्टाची धूळ झटकायला गेला, पण धूळ नव्हतीच. कानाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, ते शॉकअब तुम्हीच व्हते का?"

परतताना मी पुढे बसलो, शेठची बॅग मांडीवर घेऊन.

कारखान्याच्या गेटवर रावजी खाडकन उभा राहिला. साहेबांची गाडी दिसली की गेट उघडायचं, सलाम करायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम गेटवर लावलेला होता. खाली सही माझीच. त्याने गेट उघडलं, सलाम केला. गाडी आत आली. मी उतरलो, प्रधानसाहेब उतरले, शेठ उतरले. सगळे ऑफिसच्या पायऱ्या चढेपर्यंत तो थांबला. मग माझ्याजवळ आला.

"साहेब, बहात्तर झालं व्हतं," तो म्हणाला. "तिथून पुढं मोजू, का पहिल्यापासून?"